मुलतानीचा तवा घेऊन गंगाखेडला

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघणारा, आणि टांगा कोपऱ्यावर गेला की चौथ्यांदा बघायला परतणारा. अशा माणसाने ऐन चैत्रात, पडला तर फुटणारा आणि उन्हात पापडासारखा वाकणारा गाण्याचा तवा उराशी धरून पुण्याहून थेट निजामाच्या मुलखात जावं, हे आमच्या घरी कुणालाच पटलं नव्हतं. मला तरी कुठे पटलं होतं? पण जाणं भाग होतं.

त्याचं असं झालं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो आणि उरलेला जन्म जुन्या बाजारात ग्रामोफोनचे तवे हुडकण्यात घालवतो. लिहिताना आम्ही 'ध्वनिमुद्रिका' लिहितो, पण बोलताना सगळेच तवा म्हणतात. रविवारी सकाळी चार-सहा मित्र माझ्याकडे जमतात, मी तवे लावतो आणि कोणी कोणता विकत घ्यावा ते सांगतो. सांगायची मला वाईट खोड आहे. ती वाढत वाढत एका मासिकापर्यंत पोचली आणि संग्रही कोणत्या ध्वनिमुद्रिका असाव्यात यावर मी एक लांबलचक लेख ठोकून दिला. त्यात सगळ्यात जास्त कौतुक होतं मिस अंबूबाईंच्या मुलतानी रागाच्या तव्याचं. कोण ही अंबूबाई, कुठली, मला काही ठाऊक नव्हतं. अर्धवट सोललेल्या लेबलावर तेवढंच नाव वाचता येत होतं. तवा तीसेक वर्षांपूर्वीचा, आणि माझ्या माहितीत त्याची दुसरी प्रत कुणाकडे नाही. शेवटच्या तिहाईला, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येता येता बाई एक क्षण थबकतात आणि मग येतात. त्या थबकण्यावर मी लेखात चांगलं अर्धं पान खर्ची घातलं होतं.

चार महिन्यांनी गंगाखेडकडून पत्र आलं. लिहिणारे माणिकराव नावाचे शेतकरी; माझा लेख फिरत फिरत त्यांच्या हाती पडला होता. अंबूबाई त्यांची आत्या, हयात आहेत, त्यांच्याकडेच असतात. आत्याबाईंनी आपला तवा जन्मात ऐकलेला नाही. एक कान गेला आहे, दुसरा जात चालला आहे. तो जाण्याआधी शेवटाला आपण चुकलो होतो का, एवढं त्यांना स्वतः ऐकून घ्यायचं आहे. तीस वर्षं त्यांच्या मनाला हा एकच घोर आहे.

मी उलट टपाली कळवलं, की बाई चुकलेल्या नाहीत, निर्धास्त असावं. त्यावर दोनच ओळी आल्या. आत्याबाई म्हणतात, तुमच्या कानावर माझा भरवसा नाही. तवा घेऊन या.

राग आला, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री मी तवा पुन्हा लावला, शेवट चारदा ऐकला, आणि चौथ्यांदा माझाच माझ्या कानावरचा भरवसा डळमळला.

करोडगिरी

मनमाड सुटलं आणि निजामी हद्दीत शिरताच करोडगिरीचे लोक डब्यात चढले. करोडगिरी म्हणजे तिथली जकात. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू उघडून बघायची. माझ्याजवळ पेटीचा ग्रामोफोन, सुयांची डबी, दोन साधे तवे, आणि मांडीवर दुलईत गुंडाळलेली मुलतानी. आपण काही चोरून नेत नव्हतो, तरी मी उगाच दुलई पोटाशी ओढली. पोलीस नुसता रस्त्याने गेला तरी मला आपण काहीतरी केलंय असं वाटतं.

त्यांचा अधिकारी शेरवानीतला, पान खाणारा, बोलायला अदबशीर गृहस्थ होता. त्याने पेटी उघडायला लावली आणि म्हणाला, बजाइए. मी साधा तवा लावला. गाडीच्या हादऱ्याने सुई दोनदा घसरली, तरी सगळा डबा गोळा झाला. मग त्याची नजर मांडीवरच्या दुलईकडे गेली. त्यातही तवाच आहे म्हटल्यावर तोही ऐकायचा हट्ट त्याने धरला. त्या हलत्या गाडीत मुलतानीवर सुई घसरली असती तर संपलंच. मुलतानी हा दुपार उतरतानाचा राग, तेवढं निमित्त करून माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, "साहब, ये मुलतानी है, और अभी सुबह है."

तो गंभीर झाला. "दुरुस्त है," म्हणाला आणि हात मागे घेतला. आता आमच्या रविवारच्या बैठकीत आम्ही हीच मुलतानी सकाळी नऊ वाजता चहाबरोबर ऐकतो, हे त्याला कुठे माहीत? मग तो माझ्याजवळ टेकला आणि आपण नवा बाजा घेतला आहे, कोणते तवे घ्यावेत, असं विचारू लागला. झालं. मी लागलो सांगायला. त्याच्याच एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर सात नावं लिहून दिली. वापरातलं सामान म्हणून त्याने सगळं सोडून दिलं आणि उतरताना मला सलाम केला. मी मात्र परभणी येईपर्यंत दुलईत हात घालून तव्याच्या कडा चाचपत होतो.

गंगाखेडची वाट

परभणीला एका ओळखीच्या वकिलांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गंगाखेडला उतरलो. माणिकराव बैलगाडी घेऊन स्टेशनबाहेर उभे होते. पन्नाशीचे, रुंद हाडाचे, डोक्याला पांढरा रुमाल. रामराम झाल्यावर पहिला प्रश्न तव्याचा. आणला म्हणताच त्यांनी माझ्या उराशी धरलेल्या बोचक्याकडे बघून चपला काढल्या आणि हात जोडले. म्हणाले, "आत्याबाई कालपासून जेवल्या न्हाईत."

गोदावरीला इकडे नुसतं गंगा म्हणतात. गावातून जाताना ती खाली दिसली. पात्र बरंचसं कोरडं, मधे निळसर डोह, वाळूत टरबुजांच्या वाड्या. गंगेला येऊन पाय न भिजवता पुढे जाणं माणिकरावांना मुळीच मान्य नव्हतं, आणि तवा खाली ठेवणं मला. शेवटी तेच तांब्याभर पाणी घेऊन वर आले आणि गाडीतच माझ्या पायांवर घातलं. आमच्याकडे पाहुण्याला इतकं कोणी चालवून घेत नाही, एकदा आग्रह करून सोडून देतात.

तिथून सोनपेठच्या अंगाला चार कोस. गावाचं नाव लिहीत नाही, बाईंची तशी इच्छा आहे. ज्वारी निघून गेली होती, काळ्या रानाला हाताएवढ्या भेगा पडलेल्या, कुठे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या, बांधावर कडुनिंब फुललेला. वास इतका गोड की एरवी मी गाडी थांबवली असती. पण मला वास कुठला, रस्ता कुठला! माणिकरावांनी गाडीत कडबा आणि त्यावर वाकळ घातली होती, तरी प्रत्येक चाकोरीला माझा जीव वर-खाली होत होता. पुढे एक कोरडा नाला आला तेव्हा मी उतरलोच. चालतच जातो म्हणालो. दहा पावलांवर गोट्यावरून पाय सरकला आणि मी पडलो. हात वर धरून पडलो. धोतर फाटलं, गुडघा फुटला, चपलेचा अंगठा गेला. तवा शाबूत. माणिकराव हसले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. नंतर कळलं, घरी पोचल्यावर ते मनसोक्त हसले होते.

अंबूबाई

घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर, आत गारवा. ओसरीवर बाई बसल्या होत्या. उंच, वाळलेल्या, केस पांढरेशुभ्र, पाठ मात्र ताठ. ऐकू येणारा डावा कान माझ्याकडे करून त्यांनी माझी विचारपूस केली आणि आधी गुडघा धुऊन घ्यायला लावला. बोलणं इथलंच, पण अदब हैदराबादची.

मला धीर निघत नव्हता. रक्त थांबताच मी पेटी उघडली, चावी भरली, नवी सुई बसवली. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "किती वाजले जी?"

साडेदहा, मी म्हणालो.

"मुलतानी साडेदहाला ऐकायची का?"

मी म्हटलं, बाई, तव्याला वेळ-काळ नसतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सुई काढून पुन्हा डबीत ठेवली. तिसऱ्या प्रहराला लावा, म्हणाल्या, तीस वर्षं थांबले, अजून चार घंटे थांबेन. काल गाडीत मारलेली थाप आज माझ्याच गळ्यात आली होती. आणि चार तास म्हणजे नेमके उन्हाचे चार तास. तवा वाकला तर? तेवढ्यात बाईंचा कान गेला तर? कान असा घड्याळ लावून जात नाही हे मला कळत होतं, पण भीतीला कोण समजावणार.

तवा कुठे ठेवायचा यावर मग खल झाला. माणिकरावांची बायको कडूबाई, मोठी मिश्कील बाई, तिने रांजणाखालची ओली वाळू सुचवली. ओल नको म्हणून मी नाही म्हटलं. धान्याची कणगी सुचवली, उंदीर आठवून मी नाही म्हटलं. शेवटी देवघराच्या फरशीवर, सपाट, वर कोरडं धोतर घालून ठेवला. मग मांजराची आठवण झाली आणि मी दारातच बसकण मारली. कडूबाई आत कुणाला तरी सांगत होती, की मास्तर पहिलटकरणीवाणी बसलेत.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाला घातलेलं पीठ, त्याची झणझणीत आमटी करतात आणि भाकरी तीत कुस्करून खातात. वर कच्चं करडईचं तेल. पुणेरी पाहुणा म्हणून माझ्यासाठी मुद्दाम भात केला होता. आमच्याकडे भाताशिवाय पान हलत नाही, इथे तो सणाला. मी भात बाजूला सारून येसरच दोनदा मागितली, तेव्हा कडूबाईचा माझ्याविषयीचा ग्रह थोडा सुधारला. बाई पानावर आल्याच नाहीत.

दुपारी त्या आपण होऊन बोलल्या. हैदराबादला एका खाँसाहेबांकडे त्या चौदा वर्षं शिकल्या. खाँसाहेबांची सक्त ताकीद होती, तव्यात गायचं नाही. मैफलीत चूक झाली तर हवेत विरते, तव्यातली कायमची राहते. पण बाई तरुण होत्या, तवे भरणाऱ्या कंपनीचे लोक हॉटेलात उतरले होते, मोह झाला. गाणं रंगलं. शेवट आला तेव्हा वेळ संपली म्हणून साहेबाने एकदम हात वर केला आणि त्या दचकल्या. सम हातून निसटली की धरली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तबलजीने बाहेर जाऊन सांगितलं, बाई समेला चुकल्या. खाँसाहेबांनी तवा ऐकला नाही, काही विचारलं नाही. पुन्हा समोर येऊ नको, असा निरोप मात्र पाठवला. खाँसाहेबांचं नाव घेताना बाईंनी कानाला हात लावला, त्या डाव्याच कानाला. पुढे ते वारले. बाई भावाकडे परत आल्या आणि चार माणसांत पुन्हा कधी गायल्या नाहीत.

"तुमाला ती जागा लय आवडली म्हणं," त्या म्हणाल्या. "नेमकं काय आवडलं?"

मी सांगितलं. तिसऱ्यांदा येता येता तुम्ही जरा थांबता, तबला पुढे जातो, मग तुम्ही येता. बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरत गेला आणि माझा आवाजही.

तिसरा प्रहर

ऊन ओसरीवरून खाली उतरलं तेव्हा बाई स्वतः उठून आतून तंबोरा घेऊन आल्या. भोपळ्याला चीर गेलेला, पण रोज जुळवलेला. मी तवा धोतरातून काढला. वाकलेला नव्हता. देवा, किती हलकं वाटलं! बाईंना डावा कान पेटीशी येईल असं बसवलं आणि सुई ठेवली.

दहा-बारा आवर्तनं झाली असतील. बाईंनी मान हलवली. "ही कोण?"

तुम्हीच, मी म्हणालो.

"न्हाई. ही कुणीतरी पोर हाय. अशी किरकिरी मी कवाच न्हवते."

दुसरीच कोणी अंबूबाई! पुण्याहून इतका द्राविडी प्राणायाम करून मी एका म्हाताऱ्या बाईच्या दारात भलतीच बाई आणून ठेवली होती. सुई उचलली आणि खाली मान घालून बसलो.

बाईंनी तंबोरा छेडला. ऐका, म्हणाल्या, हा माझा सूर, पांढरी पाच. तुमच्या बाजात काय वाजायलंय?

मी सुई पुन्हा ठेवून ऐकलं. तव्यातला षड्ज काळी पाचचा होता, हार्मोनियमवर चांगला तीन पट्ट्या वर. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुने तवे कंपन्या वाटेल त्या वेगाने भरत असत. मी मात्र आपला सगळ्यांनाच एका काट्यावर फिरवत आलो होतो. अकरा वर्षं मी बाईंना पळवत होतो! आणि वर लेखात लिहिलं होतं, की इतक्या चढ्या सुरात इतका चपळ गळा दुसरीकडे आढळत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसता वेगाचा स्क्रू हळूहळू मागे फिरवत राहिलो. बाई तंबोरा छेडत होत्या, तवा फिरत होता. आवाज उतरता उतरता तंबोऱ्याला येऊन मिळाला.

तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. भरदार, संथ, किंचित दुखऱ्या सुरातला. कडूबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. बाईंचे डोळे मिटलेले होते आणि मांडीवर बोट मात्रा मोजत होतं. बरं गाणं होतं, फार बरं गाणं होतं. मी ते गाणं ऐकतच नव्हतो, शेवट कधी येतो याचीच धास्ती घेऊन बसलो होतो.

तिहाई आली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बाईंचा शब्द मधेच अडखळला, तबला एकटाच समेवर पडला, आणि बाई मागून आल्या. पळत्या वेगात जे मला खुबीदार थबकणं वाटत होतं, ते सरळ सरळ दचकणं होतं. शिकाऊ पोरालाही कळलं असतं.

सुई खरखरत राहिली. मी ती उचलायला विसरलो. बाईंनीच उचलली.

"चुकले," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत, आवाजही चढला नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चुकीला तुमी वाहवा केली. मग जे बरोबर गायले त्याला काय केलं जी?"

मासिकात दुरुस्ती लिहीन एवढं कसंबसं म्हणालो. त्या म्हणाल्या, लिहा. इथं बाई चुकली असं लिहा, आणि बाकीचं नीट ऐका म्हणावं.

मग त्यांनी तंबोरा उभा धरला आणि तो शेवट म्हटला. आवाज चिरकत होता, श्वास पुरत नव्हता. पण तिसऱ्या वेळी माझा हात आपोआप मांडीवर पडला आणि त्याच क्षणी त्यांचा सूर.

"सम आली का?"

आली, मी म्हणालो.

"पुण्याला सांगितलं तसं नका सांगू. खरं सांगा."

"बरोबर आली, बाई."

त्यांनी तंबोरा आडवा ठेवला आणि कडूबाईला भाकरी वाढायला सांगितली.

पुण्याला

मी दुसऱ्या दिवशी निघालो. तवा ठेवून घ्या असं बाईंना म्हणालो होतो आणि म्हणताना तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्यांनी नको म्हटलं. खोटी माया दाखवत नाही, मला सुटल्यासारखं झालं. दुरुस्ती छापून आली. रविवारच्या मंडळींना योग्य वेगात, दुपारी, मुलतानी ऐकवली. एक मित्र रुसले आहेत, त्यांना जुनी पळती अंबूबाईच हवी होती.

गेल्या आठवड्यात माणिकरावांचं पत्र आलं. बाईंचा दुसरा कानही गेला. माणिकरावांनी लिहिलं आहे तसंच देतो:

"रोज तिसऱ्या प्रहराला ओसरीवर बसतात आणि तो शेवट म्हणतात. तंबोरा आता जुळवता येत न्हाई. म्हणून झालं की समोर जो असंल त्याला हात करून इचारतात, आली का? आमी सगळे मान हालवून हो म्हणतो. पण मास्तर, आमाला त्यातलं काय कळतंय? तुमी एकदा येऊन बसला तर बरं हुईल. तवा आणू नका."